नातेवाइकांनी उशिरा आणले

मुंबई, ९ जुलै २०२५

प्रिय पौर्णिमाताई,

सप्रेम जय भीम.

एरवी फोनवर बोलणारा मामेभाऊ आज पत्र लिहायला का बसला, असं तुला वाटेल. पुढे वाचशील तेव्हा कळेल.

विधानभवनात माझं काम काय असतं ते तुला माहीत आहे. आमदार प्रश्न विचारतात, सरकारकडून उत्तर येतं, ते छापून सभागृहात वाटलं जातं. त्या कागदांची जुळवाजुळव करणाऱ्यांत मी एक. सोमवारी एक उत्तर हातात आलं आणि गावाचं नाव वाचून थांबलो. हिवरदरी, जिल्हा वाशिम.

प्रश्न असा होता की, रामनवमीच्या आदल्या दिवशी हिवरदरीचं आरोग्य उपकेंद्र बंद होतं, प्रसूतीसाठी आलेल्या महिलेला तिथून परत फिरावं लागलं आणि तिचं बाळ दगावलं, हे खरे आहे काय? त्यावर सरकारचं उत्तर: "हे खरे नाही. परिचारिका मुख्यालयी हजर होत्या. नातेवाइकांनी मातेस उशिरा आणले."

त्या उपकेंद्रात परिचारिका एकच आहे. तू.

प्रश्न विचारणारे आमदार गप्प बसलेले नाहीत. सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून त्यांनी हक्कभंगाची सूचना दिली आहे. ती मान्य झाली तर समिती बसेल आणि ही माहिती कोणी दिली ते एकेकाला विचारेल. तिथे शपथेवर बोलावं लागतं.

मला एवढंच सांग. तू त्या संध्याकाळी उपकेंद्रात होतीस का?

विचारायला कारण आहे. त्याच संध्याकाळी आमच्या चिमुकल्या संस्कृतीला ताप चढला म्हणून मी तुला फोन केला होता. तू "नंतर बोलते" म्हणून ठेवलास. मागे नगारे वाजत होते आणि भोंग्यावर कुणी हरवलेल्या माणसाचं नाव पुकारत होतं. हिवरदरीत एवढे नगारे कधीपासून वाजायला लागले?

उत्तर फोनवर देऊ नकोस. तुझ्या फोनवर तुमच्या ऑफिसचे किती ग्रुप आहेत ते मी पाहिलं आहे.

तुझा,
प्रसेनजित


हिवरदरी, १८ जुलै २०२५

प्रिय प्रसेनजित,

सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. पाकिटाचा एक कोपरा उघडा होता. तू नीट चिकटवलं नव्हतंस की वाटेत कुणी उघडलं, ते तू सांग.

संस्कृतीचा ताप पुन्हा आला नाही ना? पावसाळ्यात तिला बाहेरचं पाणी देऊ नको. इकडे सोयाबीन बरं आहे. देवमनमामा मागच्या आठवड्यात अनसिंगहून येऊन गेले. भागिरथामामीच्या गुडघ्याला मी तेल दिलंय, गोळ्या दिल्या नाहीत. मामांना सांगितलं, मोठ्या डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, "तू काय लहान डॉक्टर हायेस?"

माझं काम चालू आहे. अकरा वर्षं कंत्राटावर काढली, आता कायम करण्याच्या प्रस्तावात माझं नाव वर गेलंय. आमच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी स्वतः सांगितलं. तुला हेही कळलं असेलच, तुमच्याकडे सगळं कळतं.

आता तूच सांग. हे पत्र तू भाऊ म्हणून लिहिलंस की तुझ्या ऑफिसनं लिहायला लावलं? भाऊ म्हणून लिहिलं असेल तर नगाऱ्यांची चौकशी कशाला? आणि ऑफिसनं लिहायला लावलं असेल तर तसा शिक्का मार, मी माझ्या साहेबांना विचारून उत्तर देईन.

छापलंय ते छापलंय. माझ्यासारखीनं त्याला काय करायचं?

तुझी ताई,
पौर्णिमा


मुंबई, २६ जुलै २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

पाकीट मीच चिकटवलं होतं, घाईत. यावेळी दोनदा चिकटवलं आहे.

तू सोयाबीनचं लिहिलंस, आईच्या गुडघ्याचं लिहिलंस, संस्कृतीच्या पाण्याचं लिहिलंस. मी एकच गोष्ट विचारली होती आणि तेवढीच तू टाळलीस. दिवसभर मी अशीच उत्तरं वाचतो गं. विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगितलेलं असलं की आम्ही पेन्सिलीनं बाजूला एक रेघ मारतो. तुझ्या पत्रावर ती रेघ मारावी लागली याचं वाईट वाटतं.

तू भीमजयंतीच्या तयारीला कुठे गेली होतीस का? की घरी? गेली असशील तर सरळ सांग. बाईमाणूस आहे, वर्षभर एकटी तिथे राहते, एखाद्या दिवशी गेली असेल, हे मी समजू शकतो. पण हजर नसताना हजर असल्याचं तू कळवलं असशील तर ते मला समजून घेता येणार नाही. त्या पोरीचं बाळ गेलंय.

आणि पुढे काय होतं तेही ऐकून ठेव. समितीपुढे सचिव म्हणतात, माहिती खालून आली. खालचे म्हणतात, आणखी खालून आली. प्रत्येक जण एक पायरी उतरतो. सगळ्यात शेवटी जो उभा असतो त्याच्याखाली पायरी नसते. इथे शेवटी तू आहेस. तुझे साहेब तुझं नाव वर पाठवत असतील, पण ते कुठल्या कामासाठी पाठवताहेत ते एकदा तपासून बघ.

तुझा,
प्रसेनजित


हिवरदरी, ७ ऑगस्ट २०२५

प्रसेनजित,

जयंतीची तयारी म्हणे. तुला ताई एवढीच कळली?

मी पोहरादेवीला होते. रामनवमीच्या यात्रेत. तुझे नगारे तिथले.

तुला इकडची पद्धत माहीत नाही म्हणून सांगते. यात्रेला लाखांनी माणूस येतो. आरोग्याचे तंबू लागतात आणि माणसं कमी पडतात. मग आजूबाजूच्या उपकेंद्रांतून नर्स उचलतात. कुणी लेखी देत नाही, कारण लेखी दिलं तर तिचं उपकेंद्र उघडं पडलं हेही लेखी होतं. साहेबांचा फोन येतो, "सिस्टर, दोन दिवस यात्रेले जा. ऑर्डर मागून काढू." अकरा वर्षांत मागून एकदाही निघाली नाही. यावर्षी गावची आशासेविका, आमची आशाताई, तिलाही नेलं. उपकेंद्राला मी माझ्या हातानं कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी तंबूत एक बाळंतपण झालं. लालसिंग नावाचा म्हातारा तांड्यावरून सून घेऊन दर्शनाला आला होता, तिला गर्दीतच कळा लागल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. लालसिंग माझ्या पाया पडायला लागला. मी मोठ्या आनंदात परत आले. गावात पाय ठेवला तेव्हा कळलं की त्याच संध्याकाळी पुंजाजीची सून राखी माझ्या कुलपासमोरून परत गेली होती.

तिची सासू रंगूबाई सोबत होती, नवरा बाहेरगावी कामाला असतो. गोलूच्या ऑटोत आणलं होतं. गोलू सांगतो, उजेड होता, ढोरं अजून गावात आली नव्हती. कुलूप पाहून तसंच पुढे निघाले, आणि वाटेत ऑटोतच बाळ झालं. मुलगा. रडलाच नाही.

आता त्या उत्तराचं. जूनमध्ये साहेबांचा फोन आला. म्हणाले, "प्रश्न आला आहे, तासाभरात उत्तर पाठवायचं आहे. तुम्ही हजर होत्या असं पाठवतो." विचारलं नाही, सांगितलं. मी गप्प राहिले. माझा गुन्हा म्हणशील तर तेवढा. "नातेवाइकांनी उशिरा आणले" हे मी सांगितलं नाही. कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, आणि ज्याच्या त्याच्या तोंडाकडे मी आता संशयानं बघते. गोलूनं? आशाताईनं? पुंजाजीचं कुणाशी वाकडं आहे?

त्या एका ओळीनं काय झालं ते ऐक. आमदारांचा इथला कार्यकर्ता जगदेव तो छापील कागद घेऊन आला. सरकार कसं खोटं बोलतं ते गावाला दाखवायचं म्हणून त्यानं तो पारावर पुंजाजीच्याच हातात दिला. पुंजाजी सातवी शिकलेला, मोठ्यानं वाचतो. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. जगदेव समजावत होता, "काका, हे खोटं हाय, म्हणून तर आनलं." पण पुंजाजीच्या लेखी सरकारी छापा तो सरकारी छापा. घरी जाऊन सुनेला म्हणाला, "मुंबईले मालूम पडलं अन् मले नाही? तुले दुखून कवापासून राह्यलं होतं? काहून लपवलं?"

राखी म्हणाली, लपवलं नाही. रंगूबाई चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही. मागच्या आठवड्यात राखीला धनजला माहेरी पोचवून दिलं. परत आणायचं काही दिसत नाही.

हे पत्र फाडून टाक. माझं नाव वर गेलेलं आहे.

पौर्णिमा


मुंबई, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. जयंतीबद्दल जे लिहिलं त्याची माफी मागतो.

पत्र फाडलं. पण वाचलेलं फाडता येत नाही. हक्कभंगाची सूचना मान्य झाली आहे. समितीचं काम ज्या शाखेकडे आलं, त्याच शाखेत मी बसतो. म्हणून मी काल उपसचिवांना लिहून दिलं की यातली परिचारिका माझी सख्खी आतेबहीण आहे आणि हे काम माझ्याकडे नको. तू काय लिहिलंस त्यातला एक शब्दही सांगितला नाही. त्यांनी मला ग्रंथालयात हलवलं.

तुला वाटेल मी अंग काढून घेतलं. मी तिथे बसून राहिलो असतो तर तू उद्या कितीही खरं बोललीस तरी लोक म्हणाले असते, भावानं पढवलं.

तुला बोलावणं येईल. ये. आणि जे मला लिहिलंस तेच सांग.

तुझा,
प्रसेनजित


हिवरदरी, ९ सप्टेंबर २०२५

प्रसेनजित,

एक शब्दही सांगितला नाहीस ना? मग हे ऐक.

मागच्या आठवड्यात साहेब स्वतः हिवरदरीला आले. गाडी दारात, चहा नको म्हणाले, मग घेतला. म्हणाले, "सिस्टर, तुमचा भाऊ विधानभवनात आहे, हे कधी बोलल्या नाहीत." मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर हसले. "आमच्याही ओळखी आहेत."

मग हळूच आपलं काम काढलं. मी लिहून द्यायचं की त्या दिवशी मी उपकेंद्रात होते, पण थोडा वेळ पाण्याला बाहेर गेले, तेवढ्यात ते लोक आले असतील. "कुणाचंच नुकसान नाही," म्हणाले. "प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे, पुढच्या महिन्यात निघेल." मी म्हटलं, विचार करते. दोन दिवसांनी नोटीस आली. कार्यालयाला चुकीची माहिती दिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, खुलासा करावा. बघ, तुझी पायरी आली.

पण मला नोटिशीपेक्षा तुझंच जास्त लागलं. तुझ्याशिवाय हे कुणाला माहीत होतं? उपसचिवांना लिहून दिलंस म्हणतोस. ते लिहिलेलं कोणत्या वाटेनं माझ्या साहेबांच्या हातात आलं? की तुम्ही सगळे एकाच ताटातले? तू मोकळा झालास, ग्रंथालयात जाऊन बसलास, पंखा असेल. मी इथे एकटी.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

पौर्णिमा


मुंबई, २० सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. उत्तर देतो आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावरच संशय घेतला. वाटलं, भीतीपोटी तूच साहेबांना माझं नाव सांगितलंस आणि आता माझ्यावर ढकलते आहेस. दोन दिवस तसाच धुमसत होतो. मग अनसिंगला बाबांना फोन लावला, सहज.

बाबा म्हणाले, "हो, मीच गेलतो तुह्या ताईच्या सायबाकडे. म्हनलं, पोरीले तरास देऊ नका, माहा पोरगा विधानभवनात हाय. त्यायनं मले खुर्ची देल्ली. चहा पाजला. लय सभ्य मानूस." आणि मग मला विचारतात, "काहून, काही चुकलं का माहं?" काय सांगू? म्हटलं, नाही बाबा.

तेव्हा आपण दोघंही चुकलो. तू माझ्याबद्दल, मी तुझ्याबद्दल.

आता दुसरं. ग्रंथालयात पंखा आहे, तुझं खरं आहे. आणि छापील प्रश्नोत्तरांचे जुने खंड आहेत. ते कुणीही अर्ज करून वाचू शकतो, त्यात गुपित काही नाही. कामच तिथे असल्यामुळे मी चाळत गेलो. सहा वर्षांपूर्वीचं एक उत्तर, दुसऱ्याच जिल्ह्यातलं, साप चावलेल्या मुलाचं: "नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले." त्याच्या आधीचं, बाळंतपणाचं, तिसऱ्याच टोकाचा जिल्हा: "नातेवाइकांनी मातेस उशिरा आणले." अजून काही सापडली. गावं वेगळी, माणसं वेगळी, वाक्य तेच.

ताई, तू गोलूवर संशय घेतलास, आशाताईवर घेतलास. कुणीही काही सांगितलेलं नाही. ते वाक्य तयारच होतं. तासाभरात उत्तर पाठवायचं होतं, कुणीतरी जुनं उत्तर उघडलं आणि खाली तेवढं राहू दिलं. राखीबद्दल कुणाला काही माहीतच नव्हतं.

खंड कुठल्या वर्षांचे आहेत ते मागच्या पानावर लिहिलं आहे. समितीला ते मागवता येतात, कुणी सांगितलं तर. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तुझा,
प्रसेनजित


हिवरदरी, १५ डिसेंबर २०२५

प्रिय प्रसेनजित,

सप्रेम जय भीम. मधल्या काळात लिहिलं नाही. नोटिशीचा खुलासा दिला, खरा दिला. त्यानंतर साहेबांनी बोलणं बंद केलं आणि माझ्याशी बोलणारे बाकीचेही कमी झाले. आशाताई दवाखान्यात आली की आधी दार लावते, मग बोलते.

नागपूरला जाऊन आले. अधिवेशन चालू होतं, पोलिसांनी डब्यातली भाकर हुंगून पाहिली. एका लांब टेबलाशी समिती बसली होती. मोठे अधिकारी पुढच्या रांगेत, आमचे साहेब त्यांच्या मागे, मी दाराजवळ.

तू म्हणालास तसंच झालं. वरचे म्हणाले, खालून आलेल्या माहितीनुसार. त्यांच्या खालचे तेच म्हणाले. साहेब उठले आणि म्हणाले, परिचारिकेनं दूरध्वनीवर दिलेल्या माहितीनुसार. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

समितीप्रमुख म्हातारे आहेत, बोलायला शांत. त्यांनी विचारलं, "बाई, ही माहिती तुम्ही दिली?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मी पोहरादेवीला यात्रेत होते. हजर होत्या असं पाठवतो म्हणून मला सांगितलं, तेव्हा मी गप्प राहिले."

"गप्प का राहिलात?"

"नोकरीसाठी."

ते साहेबांकडे वळले. "तुम्ही यांना यात्रेला पाठवलं होतं?"

"तसा कोणताही आदेश कार्यालयातून निघालेला नाही, सर."

"आदेश निघाला का, हे मी विचारलं नाही. पाठवलं का, ते विचारतोय."

मी लालसिंगचं नाव सांगितलं, तांडा सांगितला, म्हटलं त्याची नात त्या संध्याकाळी माझ्या हातावर झाली. समितीप्रमुख शेजारच्यांना म्हणाले, "बोलावून घ्या त्यांना." तेव्हा साहेबांचा सूर बदलला. "गर्दी पाहता तोंडी सांगितलं गेलं असेल, सर."

मग त्यांनी विचारलं, "नातेवाइकांनी उशीर केला, हे कुणी कळवलं?" सगळे आपापले कागद चाळायला लागले. मी जुन्या उत्तरांचं सांगितलं, वर्षं सांगितली. तुझं नाव घेतलं नाही. मला कसं माहीत, असं पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं. मी म्हटलं, "छापलेलं आहे, कुणीही वाचावं."

समितीप्रमुखांनी साहेबांना पुन्हा विचारलं. साहेबांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, आणि मला वाटतं त्या माणसानं त्या दिवशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असेल, "सर, अशा प्रकरणात तसं उत्तर देण्याची पद्धत आहे."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

परत येताना साहेब आणि मी एकाच बसथांब्यावर. त्यांची गाडी आली नव्हती. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला बुडवलं." मी म्हटलं, "मी कुलूप लावलं होतं साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून." ते दुसरीकडे बघायला लागले.

तुझी ताई,
पौर्णिमा


मुंबई, १२ मार्च २०२६

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

काल सभागृहात उत्तराची दुरुस्ती झाली. छापील प्रत सोबत आहे. समितीनं तुमच्या साहेबांना ताकीद देऊन त्यांची बदली सुचवली, वरच्यांना "यापुढे दक्षता घ्यावी" एवढंच. पायरी या वेळी एक वर सरकली, फार नाही.

दुरुस्ती मात्र नीट वाच, मी तीनदा वाचली. "परिचारिका यात्रेच्या कामावर असल्याने उपकेंद्र बंद होते, ही बाब खरी आहे." इथवर ठीक. पुढे: "मातेस उशिरा आणल्याबाबत खातरजमा होऊ शकली नाही." उशीर झाला नाही, असं लिहिलेलं नाही. चुकीचं छापलं, असंही नाही. खातरजमा होऊ शकली नाही. माझा संशय जात नाही. एक दार उघडताना त्यांनी दुसरं लोटून ठेवलं आहे.

हा कागद तू पुंजाजींना दाखवशील. ते शेवटच्या ओळीवर पुन्हा थांबले तर?

तुझ्या नावाचं काय झालं ते लिही.

तुझा,
प्रसेनजित


हिवरदरी, २३ मार्च २०२६

प्रिय प्रसेनजित,

सप्रेम जय भीम.

माझ्या नावाचं काही कळत नाही. कंत्राट या महिन्यात संपतं. नवे साहेब म्हणतात, प्रस्ताव फेरतपासणीला आहे. गाळलं आहे की खरंच तपासताहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. यंदा यात्रेसाठी माझ्या उपकेंद्राला हात लावला नाही, एवढं झालं.

काल पुंजाजीच्या घरी गेले. कागद दिला. त्यानं चष्मा लावून मनातल्या मनात वाचला. तू म्हणालास तिथेच थांबला. बोट ठेवून मला म्हणाला, "खातरजमा नाही झाली, म्हंजे उशीर झाला बी असंन."

मी काही बोलायच्या आत रंगूबाई चुलीपासून उठल्या. इतकी वर्षं त्या घरी मी जाते, नवऱ्यासमोर त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाल्या, "मी व्हती ना सोबत. पोरीनं दुखते म्हनल्याबरोबर उठलो आमी. उजेडी पोचलो. कुलूप व्हतं. तुमी मले कवा इचारलं?"

पुंजाजी म्हणाला, "तू कवा सांगतलं?"

"तुमी कागद इचारत होते. मले कुठी इचारत होते?"

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. शेवटी त्यानंच गोलूला ऑटो काढायला सांगितली, धनजला जायचं म्हणून. रंगूबाई निघाल्याच होत्या, मलाही चल म्हणाला. साक्षीला असावं असं वाटलं असेल, किंवा एकट्यानं जायची लाज वाटली असेल. वाटेत गोलू मला म्हणाला, "सिस्टर, मले बी कोनी इचारलं नाही. मी तर ऑटो चालवत होतो." पुंजाजी ऐकत होता.

राखी अंगणात तुरी पाखडत होती. वाळली आहे. भाऊ पवननं खाट टाकली, पाणी दिलं, पण बसा म्हणाला नाही. राखीनं आधी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुमी खरं बोलल्या म्हनतेत नागपूरले."

मी म्हटलं, "हो."

"लय उशीर केला."

मी मान खाली घातली, ती खालीच राहिली.

पुंजाजीनं खिशातून कागद काढून तिच्यापुढे धरला. म्हणाला, "हे वाच. सरकारनं दुरुस्त केलं."

तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, पण कागद घेतला नाही. "मले कायले वाचाचं, मामाजी? मी तिथंच होती."

"मंग चाल घरी."

"तुमी पयला कागद पारावर वाचला होता. हा बी तिथंच वाचा. अन् जे त्यात लिहेल नाही, ते तोंडानं सांगा. मंग येतो मी."

पुंजाजी कागदाची घडी घालत राहिला. मग आम्ही निघालो. गोलूनं ऑटो चालू केली, मी बसले, पुंजाजी बसला. रंगूबाई बसल्याच नाहीत. त्या अंगणात सुनेजवळ गेल्या, खाली ठेवलेलं सूप उचललं आणि तुरी पाखडायला लागल्या.

पुंजाजी म्हणाला, "चाल ना वं, दिवस बुडून राह्यला."

त्या वर न बघता म्हणाल्या, "तुमी वाचून या. मंग आमी दोघी येतो."

आज सकाळी पुंजाजी पारापर्यंत गेला होता. लोक बसलेले होते. तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. आता दुपार कलते आहे, मी हे लिहीत असताना खिडकीतून दिसतं आहे, तो पुन्हा घराबाहेर पडला आहे. चष्मा हातात आहे.

तुझी ताई,
पौर्णिमा